भरलेली बादली

मी आणि माझी जिवलग शेजारीण सुमन, दोघीच अल्मोड्याला गेलो होतो, निव्वळ आराम करायला. पहिल्याच पहाटे मी धडपडत उठले आणि हॉटेलची बादली नळाखाली लावली. आमच्या गल्लीत नळ पहाटे येतो आणि बघता बघता जातो.

"अगं, इथे दिवसभर पाणी असतं," सुमन पांघरुणातूनच हसली.

खिडकीबाहेर बर्फाची शिखरं गुलाबी होत होती. इतकं स्वस्थ मी काही पाहिलंच नव्हतं, पण कान मेला बाथरूमकडेच. आपण घराला कुलूप लावून निघतो, आणि घरची घाई आपल्याआधी येऊन बसलेली असते.

चहाचा कप घेऊन सुमनही खिडकीशी येऊन बसली. शिखरांवरची नजर न काढता तिने हळूच विचारलं,

"भरली ना गं बादली?"