दुपारी उतरणारा स्पीड

“पुन्हा स्पीड शंभरवर आला,” मॅडम म्हणाल्या. रामदासपेठेतल्या त्यांच्या सीटी स्कॅन सेंटरमध्ये मी त्यांच्याच कॉम्प्युटरसमोर बसलो होतो.

कॉम्प्युटरला नेटवर्कची केबल जिथे लागते, ते नेटवर्क कार्ड. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या. चारही नीट असल्या तर स्पीड हजार एमबीपीएस मिळतो. एक बिघडली की कार्ड दोन जोड्यांवर भागवतं आणि शंभरवर उतरतं. मग स्कॅनच्या फायली उघडता उघडत नाहीत आणि बाहेर पेशंट ताटकळतात.

मी कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर बदलला, कॉम्प्युटरपासून भिंतीतल्या सॉकेटपर्यंतची केबल बदलली, सगळ्या केबल जिथे जुळतात त्या नेटवर्क स्विचचा पोर्टही बदलला. तरी सकाळी हजार, दुपारी शंभर.

“उद्या आणखी एकाला बोलावते,” मॅडम म्हणाल्या. “ज्याला सापडेल, त्याला मेंटेनन्सचं काम.” हे काम कित्येक वर्षं माझ्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलेला तो आणखी एक म्हणजे सुधाकर निघाला. पॉलिटेक्निकला माझ्याच बेंचवर बसायचा. आता मिहानच्या आयटी पट्ट्यात त्याची स्वतःची फर्म आहे.

“तू काहून इथं गा?” तो हसत म्हणाला.

“माझंच काम आहे हे. अजून तरी.”

त्याने बॅगेतून केबल तपासायचा टेस्टर काढला. माझा टेस्टर आठ दिवे लावतो, बस. त्याचा प्रत्येक जोडीची गुणवत्ता आकड्यांत दाखवतो. तो मला किती वर्षांपासून हवा होता. पहिली काही मिनिटं मी बिघाड सोडून तो टेस्टरच पाहत होतो.

भिंतीतल्या सॉकेटपासून स्विचपर्यंत सगळं पास झालं. “लाइन ओके आहे. कार्ड गेलं,” सुधाकर म्हणाला. नवं कार्ड बसलं. स्पीड हजार. मॅडमनी त्याच्यासाठी चहा मागवला. मग माझ्याकडे पाहून शिपायाला म्हणाल्या, “दोन सांगा.”

दुपारी, आम्ही दोघं तिथेच असताना, स्पीड शंभरवर आला. मला बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

आता दोन्ही वेळांत फरक काय, एवढंच पाहायचं होतं. मॅडमना एसी सोसत नाही, म्हणून त्यांच्या खोलीच्या खिडकीत कूलर होता आणि तो ऊन चढल्यावरच सुरू व्हायचा. मी खिडकीखाली हात फिरवला. भिंत ओली होती. यंदा कूलर बसवणाऱ्याने तो पुढे, खोलीच्या बाजूला झुकता ठेवला होता. पाणी मागे जायच्या ऐवजी भिंतीत मुरत होतं आणि खाली नेमकं सॉकेट होतं. ते उघडलं तर आतल्या पिना हिरव्या पडलेल्या.

सुधाकरने पुन्हा टेस्टर लावला. एक जोडी फेल.

“सकाळी पास केलं ना तू?” मी विचारलं.

“सकाळी कूलर बंद होता बाप्पा, सॉकेट वाळलं होतं. माह्या ध्यानातच नाही आलं.” मग तो मॅडमकडे वळला. “मॅडम, हे यानंच शोधलं. काम याच्याकडेच राहू द्या.”

सॉकेट दुसऱ्या भिंतीवर नेलं, कूलर मागे झुकवला. स्पीड आता दिवसभर हजार राहतो आणि काम माझ्याकडेच आहे.

बिघाड ज्या वेळी होतो, त्याच वेळी तपासावा; बाकी वेळेचं पास कामाचं नाही. सुधाकर हे आपल्या नव्या इंजिनिअरांना शिकवतो आणि दर वेळी माझं नाव घेऊन सांगतो, असं कानावर आलं. त्याच्या जागी मी असतो तर नाव घेतलं नसतं. टेस्टरपेक्षा आता त्याचं हेच जास्त खुपतं.