छर्रेकाका आणि सीटचा आकडा

आमच्या खालच्या मजल्यावरच्या छर्रेकाकांच्या खिशात हात घातला, तर घराची किल्ली सापडायच्या आधी सायकलचे वीसपंचवीस छर्रे हाताला लागायचे. शहरातल्या भाड्याच्या सायकली असतात ना, मोबाइल दाखवून एका स्टँडवरून उचलायच्या आणि दुसऱ्या स्टँडवर सोडायच्या, त्यांची देखभाल हे काकांचं काम. काका सहा फूट, काकू जेमतेम पावणेपाच. दोघं शेजारी उभे राहिले की सायकल आणि तिची घंटी आठवायची. आवाज कुणाचा, हे सांगायला नको.

अख्ख्या शहराच्या सायकली चालत्या ठेवणाऱ्या या माणसाला तीस वर्षांत स्वतःच्या बायकोला सायकल शिकवता आली नव्हती. लग्नानंतर एकदा प्रयत्न झाला होता. काकू पडल्या, बघणारे हसले, आणि काकूंनी त्या विषयाला जे कुलूप घातलं ते घातलंच.

मग साथ आली. ऑफिसं बंद पडली, तिथल्या स्टँडवरच्या सायकलींवर झाडांची पानं साचली. इस्पितळाच्या स्टँडवर मात्र सकाळी सायकल लावायला जागा मिळेना. ज्यांनी शाळा सुटल्यापासून पायडल मारलं नव्हतं, असेही लोक गर्दीच्या भीतीने सायकलीवर आले. हँडल पुसण्यात ते एवढा वेळ घालवत, की तेवढ्यात निम्मी वाट चालून झाली असती.

पुढे बस बंद झाल्या, आणि काकूंची पंचाईत झाली. त्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला, घरापासून सहा किलोमीटर. वरिष्ठ बाई म्हणाल्या, जमत नसेल तर घरी राहा.

"चादरी काय आपल्या आपण धुतल्या जाणार आहेत?" काकू घरी येऊन कडाडल्या. "मी चालत जाईन."

"पोचशील तेव्हा ड्यूटी संपलेली असेल."

"मग उडत जाऊ?"

काका म्हणाले, "अगं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तोंडावर मास्क. पडलीस तरी कोण पडलं, ते कळणार कुणाला?"

हा मुद्दा काकूंना पटला.

या सायकलींच्या सीटच्या दांड्यावर एक ते नऊ आकडे असतात. काकांना नऊ लागतो, काकूंना दोन. चार दिवस पहाटे मंडईच्या रिकाम्या पार्किंगमध्ये काका मागून सायकल धरून धावत होते. "हँडलकडे बघू नकोस, समोर बघ! आधी पाय टेकतोय ना, तेवढं बघायचं. पाय टेकला की भीती जाते." पाचव्या दिवशी काकू एकट्या कामावर गेल्या. पंचावन्न मिनिटं लागली. घाम आणि अभिमान, दोन्ही मास्कच्या कडेने बाहेर येत होते.

आता नियम असा, की रोज प्रत्येक सायकल औषधाने पुसायची आणि सीट पाचावर आणून ठेवायची. काका काकूंच्या अर्धा तास आधी निघत. कोपऱ्यावरच्या स्टँडवर बारा सायकली. अकरा पाचावर ठेवत, शेवटची दोनावर. एवढ्या बुटक्या सीटची सायकल दुसरं कोण उचलणार? दुपारी इस्पितळाच्या स्टँडवरही तेच.

"कंपनीला अक्कल आहे हो," काकू सगळ्यांना सांगत. "शेवटची सायकल खास बायकांच्या मापाची ठेवतात."

"आहे खरी अक्कल," काका म्हणत.

सहा आठवडे हे चाललं. मग काकांनाच ताप आला. दोघांची तपासणी झाली, काकू सुटल्या, आणि काका चौदा दिवसांसाठी मागच्या खोलीत बंद झाले. पहिल्याच सकाळी काकू दहा मिनिटांत परत.

"अहो, आज माझी सायकलच नाही ठेवली मेल्यांनी! सगळ्या सीटा उंटासारख्या."

दाराआडून खोकला आला. "सीटखाली खटका आहे. तो उघड, सीट दाब, दोनावर आली की खटका बंद कर."



"म्हणजे रोज तुम्ही...?"

"उशीर होतोय तुला."

"आणि मला बोलला नाहीत?"

"घट्ट असतो तो. तळहाताने मार."

काकूंनी मास्क वर ओढला आणि त्या पुन्हा स्टँडकडे निघाल्या.

आणि पोचल्या. रोज पोचल्या. संध्याकाळी दाराशी ताट ठेवून त्या खबर देत, "आज सत्तेचाळीस मिनिटं." आतून प्रश्न येई, "हवा बघितली होतीस चाकातली?" आणि काकू दारावर टकटक करून म्हणत, "गिळा आता."

पंधराव्या दिवशी काका कामाला निघाले. पायांत कापूस भरल्यासारखं वाटत होतं. काकू आधीच गेल्या होत्या. स्टँडवर बदली माणसाने पाचावर लावलेल्या सायकली ओळीने उभ्या होत्या, आणि शेवटच्या सायकलीची सीट तेवढी आभाळाला लागलेली. हँडल पुसून ओलं, चाकं टणक. काकांनी वाकून आकडा पाहिला. आठ. हात सवयीने खटक्याकडे गेला आणि तिथेच थांबला. तसेच बसले आणि निघाले. पहिल्याच चौकात जरा गरगरलं, तर दोन्ही पाय नीट जमिनीला टेकले.

संध्याकाळी ते म्हणाले, "एका घराने चुकलीस. माझा आकडा नऊ."

"माहितीय मला," काकू भांडी लावता लावता म्हणाल्या. "चौदा दिवस अंथरुणात होतात. नऊवर टेकले असते पाय?"

आता काका ठणठणीत आहेत, बसही सुरू झाल्या आहेत. काकू मात्र सायकलनेच, काकांच्या आधी जातात, आणि जाण्याआधी शेवटच्या सायकलीची सीट आठावर लावून जातात. एवढा उंच माणूस गुडघे वर काढून चाललेला दिसतो, तेव्हा हसू आवरत नाही. परवा मी म्हटलं, "काका, एक घर वर घ्या की सीट."

"मी?" काका म्हणाले. "आणि तिने लावलेली?"