सोबतीला कोण?

अनंतरावांनी आयुष्यात कुणाला एकटं कुठं जाऊ दिलं असेल तर शपथ. गारखेड्यातल्या त्यांच्या घरातून कुणी कोपऱ्यावर दूध आणायला निघालं तरी प्रश्न ठरलेला, "सोबतीला कोण?" सरकारी कचेरीत जन्मभर कारकुनी केली, तिथंही दौऱ्यावर निघालेल्या साहेबाला हेच विचारायचे म्हणे. बायको भानुमतीबाई हसून सोडून द्यायच्या. मुलगी मृण्मयी मात्र आता पार वैतागली होती, आणि वैतागू नये तर काय करावं तिनं?

तिला पायलट व्हायचं होतं, आणि तेही नुसतं म्हणण्यापुरतं नव्हे. अकरावीला फिजिक्सचा क्लास लावला तेव्हा बापानं सत्यभामाआत्याला सोबत धाडलं. आत्याचे गुडघे दुखायचे. तिला हाताला धरून दोन जिने चढवायचं, मग ती बाहेरच्या बाकावर वाती वळत बसायची. पोरीनं तेही निभावलं. डॉक्टरी तपासणीत पास झाली, हवामानाचा आणि नेव्हिगेशनचा पेपर घरी अभ्यास करून काढला. आता फक्त फ्लाइंग स्कूल निवडायचं राहिलं होतं, आणि घोडं तिथंच अडलं होतं.

ती विचारायची, विमानं किती, त्यातली रोज उडतात किती, शिकवणारे टिकतात का, की पोरं नंबर लागायची वाट बघत महिनोन् महिने हॉस्टेलात पडून असतात. आणि हे विचारायचे, "त्या गावात आपलं कोण आहे?" एका गावात कुणीच नव्हतं, ते बाद. दुसऱ्या गावातले मामेसासरे वारले होते, तेही बाद. तिसरं पसंत पडत आलं, तर तिथल्या नातेवाइकांशी भानुमतीबाईंचं लग्नापासून वाकडं. आता हा माणूस शाळा बघतोय की सोयरीक, हे त्यालाच विचारायला हवं होतं.

शेवटी एक चांगलं स्कूल सापडलं. तिथले कॅप्टन राजकुमार जालना रोडवरच्या एका ऑफिसात पालकांना भेटायला आले होते. बापलेक स्कूटरवर गेले. गाडी मृण्मयीनं चालवली आणि मागं अनंतराव बसले, कारण लायसन्स मिळून वर्षं झाली तरी तिला एकटीनं गाडी काढायची मुभा नव्हती.

कॅप्टननी तिच्या सगळ्या प्रश्नांची सरळ उत्तरं दिली. एकच जागा उरली होती, संध्याकाळपर्यंत हो की नाही तेवढं कळवायचं होतं. मृण्मयीचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात अनंतराव खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "विमानात हिच्या सोबतीला कोण?"

"सुरुवातीला इन्स्ट्रक्टर असतो, काका. ती तयार झाली की मग एकटी. त्यालाच सोलो म्हणतात."

"मागं कुणी बसलं तर चालत नाही?"

"मग ते सोलो होत नाही."

"मी बसलो तर? मी मधे बोलणार नाही."

काका गंमत करतायत असं वाटून कॅप्टन हसले. मृण्मयीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अनंतराव उठले आणि म्हणाले, "विचार करून सांगतो." त्या घरात विचारावर गेलेली गोष्ट आजवर कधी परत आली नव्हती, हे तिला चांगलं माहीत होतं.

जिना उतरल्यावर तिचा तोल सुटला. "बाबा, पुरे झालं आता. मला पाठवायचंच नसेल तर सरळ नाही म्हणा. उगीच गावोगावचे नातेवाईक कशाला उकरून काढता?"

अनंतराव स्कूटरपाशी आले, पण मागं बसले नाहीत. मग म्हणाले, "तू हो पुढं. मी येतो मागून."

रुसले, असं तिला वाटलं. रुसू देत, म्हणत तिनं गाडी काढली. मागची सीट पहिल्यांदाच रिकामी होती, पण डोकं इतकं तापलेलं की ते तिच्या ध्यानातही आलं नाही. सिग्नलला थांबली तेव्हा आरशात एक रिक्षा दिसली, आणि तिच्यातून मान बाहेर काढून बसलेले अनंतराव. तिनं गाडी हळू केली, रिक्षा हळू झाली. ती वळली, रिक्षा वळली. गजानन महाराज मंदिराच्या अलीकडं तिनं गाडी कडेला लावली आणि तरातरा रिक्षापाशी गेली.

रिक्षावालाच आधी बोलला, "चाचा, लडकी तो मस्त चला रही. तुम कायकू इत्ता घबरा रहे?"

"बाबा," ती म्हणाली, आणि रडू येईल म्हणून तिनं आवाज चढवला, "वर आभाळात रिक्षा येत नसते."

"ठाऊक आहे," अनंतराव म्हणाले. "म्हणून तर आज आलो." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "त्या कॅप्टनना फोन लाव. येते म्हणून सांग."

"तुम्ही सांगा ना."

"मला नाही जमायचं. मी पुन्हा सोबतीचंच विचारीन."

तिनं तिथंच रस्त्याच्या कडेला फोन लावला. ती बोलत असताना अनंतरावांनी रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आता सरळ घरी घ्या, हिच्यासाठी थांबू नका. तिचं बोलणं संपेस्तोवर रिक्षा चौक ओलांडून गेली होती, आणि बापानं एकदाही मागं वळून बघितलं नव्हतं.