कन्याकुमारीआधी येलदरी

परभणीहून सायकलीने कन्याकुमारीला जायचं, हे मी घरात सांगितलं तेव्हा कुणी नाही म्हणालं नाही. सगळे नुसते हसले. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. शाळेतून निवृत्त झालेली, साठीला टेकलेली बाई. तिच्याशी वाद कोण घालणार? शेवटी माझ्या मुलाने, नितीनने, तोडगा काढला.

"आई, आधी येलदरीला जाऊन ये. पुढं नेणार आहेस तेवढं सगळं सामान लादून. वाटेतून 'गाडी घेऊन ये' असा फोन आला, तर कन्याकुमारी विसरायची."

"आणि नाही आला तर?"

"तर मी परत एक शब्द बोलणार नाही."

आतून मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "जिंतूरहून एस्टीनं येतीस बघ."

मी त्याच संध्याकाळी सामान काढलं. तंबू, झोपायची पिशवी, गॅसची छोटी शेगडी, दोन पातेली, पंप, पाने, जादा ट्यूब. हे माझं. नितीनने त्यात जाडजूड बॅटरी घातली आणि जाऊबाईंनी लोणच्याची काचेची बरणी. शेतातला ताणकाटा (धान्याचं पोतं लटकवून तोलायचा काटा) पडवीत होता. त्याला पिशव्या अडकवल्या आणि काटा बघून मी लगेच सामान उपसायला बसले. मी एक वस्तू काढायची आणि पाठ फिरली की दुसरी आत. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या पिशवीत काहीतरी कोंबल्याशिवाय आपल्या लोकांना चैन पडत नाही.

तंबू मात्र मी कुणाचं न ऐकता ठेवला. संध्याकाळी कुणाच्या दारात उभं राहायला नको. हे गेल्यापासून मला तशी सवयच लागली आहे. घरी हळदीकुंकू असलं की मी आपणहून आतल्या खोलीत जाऊन बसते, म्हणजे कुणाला अवघडायला नको. कुणी जा म्हणत नाही. कुणी थांबही म्हणत नाही.

निघाले तेव्हा चांगलीच थंडी होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तूर उभी होती आणि कापसाची वेचणी चालू होती. बोरीला चहाला थांबले. चहावाल्याने सायकलीभोवती एक पूर्ण चक्कर मारली.

"कुठं निघालात, बाई?"

"येलदरीला."

"एस्टी हाय की."

"असू दे."

"न्हाई, बैलगाडीचं वझं सायकलीवर कामून (कशाला) घातलंय, म्हणून इचारलं."

मी चहा संपवला आणि त्याच्यादेखत ताठ मानेने सायकलीवर बसले. वळणाआड गेल्यावर उतरले आणि बाभळीखाली उभी राहून पोटभर धापा टाकल्या.

जिंतूरला जुन्या मैत्रिणीकडे मुक्काम केला. सकाळी निघताना तिने धपाटे (पीठ मसाला घालून मळून थापलेली भाकरी) दिले, शेंगदाण्याची चटणी दिली आणि वर गुळाची एक छोटी ढेप. मी नको म्हणाले तशी ती रुसून बसली. घेतली बाई ढेप!

जिंतूर सोडलं की रस्ता चढउताराचा होतो. धरण दिसायच्या आधीच्या एका चढावर मागच्या चाकातून टण्णकन आवाज आला. स्पोक तुटला होता. चाक वाकडं होऊन ब्रेकला घासायला लागलं. माझा हात फोनकडे गेला. खोटं कशाला सांगू, नितीनचं नाव पडद्यावर आलंही होतं. तेवढ्यात जाऊबाईंचं ते 'एस्टीनं येतीस बघ' कानात वाजलं. मी फोन बंद केला आणि पिशवीच्या पार तळाला घातला.

तुटलेला स्पोक शेजारच्याला गुंडाळला, ब्रेक सैल केला. चाक फिरायला लागलं, पण हा भार काही ते पेलणार नव्हतं. मी रस्त्याकडेला ओढणी अंथरली आणि दोन्ही पिशव्या तिच्यावर उलट्या केल्या.

डोक्यावर रिकामी पाटी घेतलेली एक बाई समोर येऊन थांबली. जिंतूरच्या बाजारात मासे विकून परत निघाली होती. नाव रुक्मिणबाई, हे मागाहून कळलं.

"बाजार मांडलाय व्हय?"

"ओझं कमी करतेय."

"मग आणलंच कामून?"

मला राग आला. तिने तंबूची गुंडाळी उचलून बघितली. "अन् हे काय?"

"तंबू. रात्री झोपायला."

"कामून? आमची घरं काय पडलीत?"

असं म्हणून तिने तंबू, शेगडी आणि पातेली आपल्या पाटीत भरली आणि मला न विचारता चालायला लागली. माझं सामान तिच्या डोक्यावर, मग मी काय करणार? सायकल ढकलत मागोमाग गेले.

घरात ती आणि तिची म्हातारी सासू. मागच्या बाजूने धरणाचं निळं पाणी दिसत होतं. दुपारी रोहूचं झणझणीत कालवण आणि तव्यावरची भाकरी मी बोटं चाटत खाल्ली. मुक्कामही तिथेच पडला. सकाळी मी म्हणाले, "तंबू, शेगडी, सगळं ठेवून घ्या. मला आता हे वाहायचं नाही."

"आसं फुकट?"

"फुकट."

"बरं," म्हणून ती आत गेली आणि सूप घेऊन बाहेर आली. सुपात गहू, नारळ, हिरवा खण आणि हळदीकुंकू.

मी मागे सरकले. "नको. माझे मालक नाहीत."

चुलीपुढून सासू म्हणाली, "रुक्मिणे, आसं करत न्हाईत. रीत हाय का ही?"

रुक्मिणबाई तिच्याकडे वळली. "म्या काय मालकाची ओटी भरायलेय? बाईची भरायलेय. घरातून बाई रिकामी लावून द्यायची, ही कोणती रीत?"

सासू काहीतरी पुटपुटली आणि पुढची भाकरी थापायला लागली.

पदर पसरायचा तर अंगात सलवार-कुर्ता. मी ओढणी पसरली. आधी गहू पडले, मग नारळ, मग खण. कपाळाला तिची खरखरीत बोटं लागली. मला रडू आलं आणि रडू आल्याचा संतापही आला. इतकी वर्षं मी त्या आतल्या खोलीत कुणासाठी बसत होते?

एवढा खटाटोप करून हलकी केलेली पिशवी पुन्हा जड झाली. तो नारळ परभणीपर्यंत प्रत्येक खड्ड्यात पायाशी आदळत होता. तरी मला तो काढून टाकावासा वाटला नाही. जिंतूरला नवा स्पोक बसवून घेतला. बोरीच्या चहावाल्याने लांबूनच हात वर केला. "आलात व्हय!" मी घंटी वाजवली आणि न थांबता पुढे गेले. या खेपेला वळणाआडही उतरले नाही.

घरी पोचले तेव्हा ऊन कलत होतं. नितीनने पिशवी उतरवून घेतली. "तंबू कुठाय?"

"दिला."

"आणि हा नारळ एवढ्या लांबून वाहून आणलास?"

जाऊबाईंची नजर खणावर होती. आणि माझ्या कपाळावर. "हे कुणी दिलं?"

"ओटीतलं आहे. माझ्या."

मी पायरीवर नारळ फोडला आणि पहिला तुकडा जाऊबाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी खणावरून नजर काढली आणि तो खाल्ला.

कन्याकुमारीचं सामान आता बांधून झालं आहे. ताणकाटा पूर्वीच्या निम्म्यावरही जात नाही. तंबू नाही, शेगडी नाही. रस्त्याने घरं आहेत आणि दारात उभं राहायला मी आता भीत नाही. निघायचं मात्र संक्रांत झाल्यावर, कारण यंदाच्या हळदीकुंकवाला मी बाहेरच्या खोलीत बसणार आहे. अवघडायचं असेल त्याने खुशाल अवघडावं.

खणाची मी पंक्चरच्या सामानासाठी पिशवी शिवली. हिरवीगार. हँडलला पुढेच बांधली आहे, समोरून येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी.