नुसता बाण

आमचे बाबा पाट्या रंगवतात. शेजारच्या गल्लीत ज्यू मंडळींचं सभागृह आहे. तिथल्या गाण्यांच्या उत्सवाची पाटी बावीस वर्षं बाबांच्याच हातची. यंदा दूरच्या लढाईवरून इथलंही वातावरण तापलं होतं. सभागृहाच्या सेक्रेटरीबाई घरी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "दादा, या वेळी पाटी लहान करा. नाव नको, नुसता बाण काढा."

बाबांनी बाण काढला. "लपायची पाटी मी आजवर रंगवली नव्हती," ब्रश धुताना ते आईला म्हणाले.

उत्सवाच्या दुपारी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. "बाबा, यंदा राहू द्या ना," मी म्हटलं. त्यांनी चपला पायात सरकवल्या, तेव्हा काळजीपोटी मीही मागोमाग गेले.

गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या त्या एवढ्याशा बाणाकडे कुणाचं लक्षच जात नव्हतं. लोक सरळ पुढे निघून जायचे. मग बाबा पाटीखाली उभे राहिले आणि खणखणीत आवाजात सांगू लागले, "ज्यूंचा गाण्यांचा कार्यक्रम ना? डावीकडे वळा." सभागृहाच्या दारावरचा पोलीस आधी दचकला, मग हसला. तो आवाज ऐकून समोरचा न्हावी दुकान बंद करून आला. शिंपीणबाई सुनेला घेऊन आल्या.

सभागृह भरल्यावर सेक्रेटरीबाई बाहेर आल्या. आता त्या रागावणार, असं मला वाटलं.

"आत चला दादा, तुमची खुर्ची धरून ठेवलीय."

"पुढच्या वर्षी पाटी केवढी करू?"

बाईंनी दोन्ही हात जमतील तेवढे फैलावले. बाबांनी खिशातून टेप काढली आणि माप घेतलं.