काट्यावरचा पंचा

"सूर्यदेव आत्ता कुठं आला, मी आधी येऊन काय करू?" उशिरा उगवून आमचा माळी हेच म्हणायचा आणि खांद्यावरचा ओला पंचा काट्यावर वाळत टाकायचा.

काटा म्हणजे परळला आमच्या कॉलेजात मोठं सूर्यघड्याळ आहे, त्याचा. अंगणात दगडी चौथरा, वर तिरकी लोखंडी पट्टी. तिची सावली आकड्यांवर फिरते. रस्त्यावरची माणसंपण आत येऊन बघतात. मी तिथं शिपाई, घंटा द्यायचो. शिकलो चौथी, पण घंटा कधी चुकली नाही. चुकलो एकदाच, बायको गेली तेव्हा पोचायला. तेच सांगायला बसलोय. पण आधी माळी.

पंचा टाकला की सावली रेड्याएवढी व्हायची. पोरं ओरडायची, "आज पंचा वाजला!" प्रिन्सिपॉल तापायचे. हा म्हणायचा, "साहेब, ऊन फुकट जात होतं."

एकदा भूगोलाच्या बाईंनी सांगितलं, ही सावली घड्याळाच्या अर्धा तास तरी मागं असते. घड्याळ अख्ख्या देशाचं, सावली आपल्या मुंबईची. झालं! माळ्याला हत्यारच मिळालं. सकाळी सावली दाखवायचा, "मी मुंबईचा माणूस, मुंबईच्या वेळेनं येणार." संध्याकाळी मात्र ऑफिसातलं घड्याळ बघून सटकायचा.

"आता कुठं गेली रे तुझी मुंबई?"

"मेल्या घंटेवाल्या, जाताना देश मोठा!"

पावसाळ्यात सावलीच नाही. तेव्हा म्हणायचा, "आमचे मोठे साहेब रजेवर."

माझी बायको आजारी पडली. तिला अळूचं फदफदं आवडायचं, म्हणून यानं कॉलेजच्या नळाखाली अळू लावलं. प्रिन्सिपॉलना सांगितलं, शोभेचं झाड आहे.

मग एक दिवस हॉस्पिटलातून फोन आला. धावत सुटलो. पोचलो तर तोंडावर चादर. डॉक्टर म्हणाले, आत्ताच, पंधरा मिनिटं झाली.

मी जेवण सोडलं. लोक म्हणायचे, देवाची इच्छा. मला राग यायचा. पंधरा मिनिटांत देवाचं काय अडलं होतं?

माळी डबा घेऊन चाळीत आला. खाटेवर बसला. डबा उघडून माझ्यापुढं ठेवला. मग म्हणाला, "वहिनी गेली देशाच्या घड्याळानं. तू पोचलास मुंबईच्या. सावली बघ, तू आधीच होतास रे."

"गप. खोटं आहे हे."

"खोटंच आहे. माझी अख्खी नोकरी त्याच्यावर निघाली. तुझा एक दिवस निघणार नाही? जेव."

मला हसू फुटलं. हसता हसता रडलो. मग त्याच्या डब्यातला भात आणि माशाची आमटी पुसून खाल्ली.

गेल्या वर्षी तोही गेला, गावी, सूर्य उगवायच्या आत. जाताना घाई करायची सवयच त्याची.

मी आता रिटायर. काल सकाळी माझा पंचा धुतला, पिळला, कॉलेजात गेलो आणि काट्यावर टाकला. सावली रेड्याएवढी झाली. नवा वॉचमन ओरडला, "ओ काका, काढा ते! किती वाजले दिसत नाही!"

म्हटलं, "वाळू दे रे जरा."