ट्रिगर मासा आणि पाहुणे

आमच्या शेजाऱ्यांचं प्रत्येक वाक्य ‘बराबर?’वर संपतं, पण उत्तरासाठी ते कधी थांबत नाहीत. समुद्रापासून शेकडो मैल दूर आखाडा बाळापुरात, घरातल्या काचेच्या टाकीत खारं पाणी करून समुद्रातला ट्रिगर मासा पाळणारा माणूस थांबेल कशाला! ‘भाऊ, लौकर या! आज त्यानं पुन्हा दगडं हलवली, वर माझं बोट चावलं. लई हुशार जितराब हाय, बराबर?’ बोटाला पट्टी आणि चेहऱ्यावर बारशाचा आनंद.

परवा त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे आले. मलाही बोलावलं होतं. पोहे आले आणि लाइट गेली. इन्व्हर्टर आधीच दमलेला. शेजारी ताडकन उठले आणि त्यांनी पाहुण्यांच्या डोक्यावरचा पंखा बंद केला. ‘टाकीचा पंप चालू ठेवावा लागतो. तुमाला पुठ्ठ्यानं वारा घालता येतो, त्याला न्हाई. बराबर?’

ऐन मे महिना! मुलाचे वडील घाम पुसत दाराकडे पाहू लागले.

तेवढ्यात मुलगाच खुर्ची ओढून टाकीपाशी गेला. ‘काका, हा झोपतो कसा?’

‘पाठीवरचा काटा उभा करून दगडाच्या फटीत अडकून बसतो! मग कितीबी ओढा, निघायचा न्हाई!’ आनंदानं त्यांचा आवाज फाटला. मग ते आतल्या दारात उभ्या मुलीजवळ गेले आणि हळूच म्हणाले,

‘पोरगं चांगलं हाय. बराबर?’

आणि पहिल्यांदाच उत्तरासाठी थांबले.